मुरूम, साबण आणि डबीवरची बारीक अक्षरे

मराठीत 'मुरूम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मुरूम रस्त्यावर पसरतात. दुसरा, शाळेच्या निरोपसमारंभात फोटो काढायचा असतो त्याच्या आदल्या दिवशी नेमका नाकाच्या शेंड्यावर उगवतो. समजा, तुमचे घर मावळात उर्से येथे आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि टोलनाक्यामुळे उर्से हे नाव सगळ्या महाराष्ट्राच्या कानावरून गेले. पहिल्या प्रकारच्या मुरमाची माहिती तुम्हांला गावातील कोणीही देईल. आपल्याला येथे दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

या दुसऱ्या मुरमावर काय लावावे, याचा सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. मैत्रीण एक क्रीम सुचवते. मावशी लिंबू चोळायला सांगते. कोणी टूथपेस्टचे बोट लावा म्हणतो. किराणा दुकानात माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्या असतात. तळेगावच्या बाजारात गेलात तर तेथे साबण, फेसवॉश, मलमे आणि सीरम यांची सबंध भिंतच उभी दिसते, आणि प्रत्येक डबी 'मीच ती' म्हणत असते. यांतून निवड कशी करावी? जाहिरात पाहून करता येत नाही. किंमत पाहूनही करता येत नाही. त्यासाठी मुरूम कसा होतो, साबण काय करतो आणि डबीवर काय छापलेले असते, या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

मुरूम होतो कसा?

भिंगातून गाल पाहा. बारीक छिद्रे दिसतील. प्रत्येक छिद्रात एक केस असतो (कित्येकदा इतका बारीक, की दिसतच नाही) आणि त्याच्या मुळाशेजारी एक तैलग्रंथी असते. चेहऱ्यावर या ग्रंथी फार दाट असतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० पर्यंत. त्यांतून 'सीबम' नावाचा तेलकट पदार्थ पाझरतो. लहानपणी या ग्रंथी जवळजवळ झोपलेल्या असतात. वयात येताना शरीरात काही संप्रेरके वाढतात, ती मुलांत असतात तशी मुलींतही असतात, आणि त्यांच्या हुकमाने ग्रंथी मोठ्या होऊन भराभर तेल गाळू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या भिंतीवरील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होते. छिद्राचे तोंड बंद असेल तर पांढरा ठिपका दिसतो, उघडे असेल तर काळा.

हा काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि बुचातील पदार्थ यांचा हवेतील ऑक्सिजनशी संबंध आल्यामुळे तो आलेला असतो. त्यामुळे खरखरीत कपड्याने कितीही घासले तरी तो जात नाही. त्वचा मात्र सोलवटते. 'तोंड नीट धूत नाहीस, म्हणून मुरूम येतात' हे ज्याने ऐकले नसेल असा विद्यार्थी विरळाच. त्याला हे वाक्य दाखवावे.

बुचाच्या आत हवा नसते, खायला तेल असते. तेथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस नावाचे जंतू वाढतात. ते आपल्या सर्वांच्या त्वचेवर एरवीही राहतातच. त्यांच्या उपद्व्यापांना शरीर विरोध करते, तेव्हा जागा लाल होते, सुजते, पू होतो. हाच मुरूम.

हे सगळे एका रात्रीत होत नाही. न दिसणाऱ्या बुचापासून दिसणाऱ्या पुटकुळीपर्यंतचा प्रवास कित्येक आठवड्यांचा असतो. उलट, वर आलेली पुटकुळी बऱ्याचदा आठवड्याभरात आपली आपण बसते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. सोमवारी पुटकुळी आली, मंगळवारी तुम्ही टूथपेस्ट लावली, शनिवारी पुटकुळी गेली. श्रेय टूथपेस्टला! काहीही न लावता ती शनिवारीच गेली असती की नाही, हे कोणी पाहिले? म्हणून त्वचारोगाचे संशोधक पुष्कळदा एका गालावर औषध आणि दुसऱ्यावर नुसते औषधाविना बनवलेले मलम लावून, काही आठवडे दोन्हींकडचे मुरूम मोजतात. मावशीच्या लिंबाची अशी परीक्षा कधी झालेली नसते. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो, म्हणजे तो चांगलाच आम्लधर्मी आहे. शिवाय लिंबूवर्गीय फळांतील काही द्रव्ये अंगावर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. लिंबू वरणावर पिळावे.

हळदीचा डाग काय सांगतो?

भाजीचा पिवळा डाग पडलेला सदरा धुताना तुम्ही पाहिले असेल, की साबण लावताच डाग लाल होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा दिसतो. हळद ही आम्ल-आम्लारी ओळखण्याचा दर्शक आहे. आम्लात आणि उदासीन पाण्यात ती पिवळी राहते, आम्लारीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेथेही हीच क्रिया घडते.

आता हा प्रयोग वर्गात करा. चमचाभर हळद अर्ध्या कप कोमट पाण्यात ढवळून तीत टीपकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. घरोघरच्या अंगाच्या साबणांचा एकेक कीस, फेसवॉशचा एकेक थेंब आणि कपड्यांच्या साबणाचा एक तुकडा वेगवेगळ्या वाट्यांत थोड्या पाण्यात विरघळवा. प्रत्येकाचा थेंब वेगळ्या पट्टीवर टाका. अंगाचा नेहमीचा साबण पट्टी तांबूस करील. 'हा बाळांसाठी', 'हा सौंदर्यासाठी', 'हा वनस्पतींचा' असे वेष्टनावर काहीही म्हटलेले असो, तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला साबण असेल, तर त्याच्या द्रावणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो. बहुतेक फेसवॉश आणि 'साबणविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वड्या मात्र पट्टी पिवळीच ठेवतील.

याचे महत्त्व काय? निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो. जर्मनीतील शाडे आणि मार्किओनिनी यांनी १९२८ मध्ये या थराला 'आम्लाचे आवरण' असे नाव दिले. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. तेव्हा ५ वरून ९ म्हणजे दहा हजारपट! साबणाने तोंड धुतल्यावर हे आवरण पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. ज्याची त्वचा दणकट आहे, त्याला ते जाणवतही नाही. नाजूक त्वचेच्या माणसाला मात्र तोंड ओढल्यासारखे होते, चुरचुरते.

नाजूक त्वचा म्हणजे तरी काय? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे, असे समजा. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा गिलावा. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे उपद्रवी पदार्थ आत येऊ न देणे, ही भिंतीची दोन कामे. गिलावा अपुरा असेल, किंवा दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन तुम्हीच तो खरवडून काढला असेल, तर सुगंधद्रव्ये, परिरक्षके, इतकेच काय पण घामसुद्धा झोंबू लागतो. एक गंमत पाहा : चेहरा तेलकट आणि त्वचा नाजूक, असे दोन्ही एकाच माणसात असू शकते. तेल ग्रंथीतून येते. भिंत ही वेगळी गोष्ट आहे. 'माझा चेहरा तेलकट, मला मॉइश्चरायझर कशाला?' या प्रश्नाचे उत्तर यात आहे. मुरुमांची औषधे भिंत कोरडी करतात. हलके, तेलविरहित मलम तिला सावरते, आणि मग औषध सोसते.

हळदीच्या पट्टीवर भलता विश्वासही ठेवू नका. ती फक्त आम्लारी ओळखते. सोडियम लॉरिल सल्फेट या फेस आणणाऱ्या द्रव्याचा सामू बेताचा असला, तरी ते त्वचेला इतके झोंबते, की त्वचेचा दाह मुद्दाम निर्माण करून अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत तेच वापरतात. पट्टी पिवळी राहिली, पण तोंड धुतल्यावर पाच मिनिटांत ओढल्यासारखे वाटू लागले, तर त्वचेचे म्हणणे खरे मानावे.

साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' आणि टक्केवारी असते. साबणातील एकूण स्निग्ध घटकांचे ते प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागतात. आकडा जास्त म्हणजे साबणात भेसळ-भरताड कमी, इतकेच. ७६ टक्क्यांचा साबणही पट्टी लालच करतो.

कपाळावरचे मुरूम आणि खोबरेल

आपल्याकडे डोक्याला तेल चोपडून, घट्ट भांग पाडून शाळेत जाण्याची पद्धत आहे. ते तेल दुपारच्या उन्हात आणि घामाबरोबर कपाळावर उतरते. १९७० मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसांना लावायच्या तेलकट मलमांमुळे कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचे वर्णन केले. १९७२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांचेही केले. कोणता पदार्थ छिद्रे बुजवतो, हे ठरवण्यासाठी तो सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून पाहत. या कसोटीत खोबरेल तेल बरेच वरच्या क्रमांकावर बसते. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा जास्त हळवा असतो, तेव्हा हे क्रमांक वेदवाक्य नव्हेत. परंतु तुमचे मुरूम नेमके केसांच्या कडेने, कपाळावरच असतील, तर महागडी डबी आणण्याआधी महिना-दोन महिने तेल रात्री लावून सकाळी डोके धुऊन पाहा. कपाळ तेवढे वाचवा. खर्च शून्य.

'नॉन-कॉमेडोजेनिक' हा शब्द तुम्हांला पुष्कळ डब्यांवर आढळेल. 'छिद्रे न बुजवणारे' असा त्याचा अर्थ. मुरुमाळ त्वचेसाठी असा शब्द असलेली डबी निवडणे बरे. पण यामागे कायद्याने ठरवलेली कसोटी नाही, उत्पादकाचा शब्द आहे. 'हायपोॲलर्जेनिक', 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले' या शब्दांचेही तसेच. 'सुगंधविरहित' आणि 'वास न येणारे' यांतही फरक असतो : दुसऱ्यात मूळचा वास झाकण्यासाठी एखादे सुगंधद्रव्य घातलेले असू शकते. नाजूक त्वचेला पहिले पाहिजे.

डबीच्या मागची बाजू

डबी उलटी करा. भारतात सौंदर्यप्रसाधनांवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी छापावी लागते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने. म्हणजे पुढच्या बाजूला कोरफडीचे भले मोठे चित्र असेल आणि यादीत कोरफड सुगंधद्रव्याच्याही मागे असेल, तर डबीत कोरफड किती आहे ते ताडता येते. चित्राला वजन नसते.

मुरुमांवर खरोखर काम करणारी द्रव्ये थोडी आहेत. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून छिद्रात शिरून बूच सैल करते. प्रसाधनांत ते बहुधा २ टक्क्यांपर्यंत असते. बेन्झॉइल पेरॉक्साइड छिद्रात ऑक्सिजन सोडून जंतू मारते. यात एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २.५ टक्क्यांच्या मलमाने लाल पुटकुळ्यांवर ५ आणि १० टक्क्यांच्या मलमाइतकाच गुण दिला, आणि आग मात्र १० टक्क्यांच्या मलमापेक्षा कमी केली. 'जास्त कडक तेच गुणकारी' ही समजूत येथे आकड्यांनीच खोटी ठरते. (हे मलम कपड्यांचा रंग घालवते. शाळेचा निळा सदरा सांभाळा.) ॲडापालीन हे तिसरे, बूच तयारच होऊ न देणारे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे. यांतले कोणतेही एक आधी घ्यावे, आणि बुचाचा प्रवास आठवून त्याला सहा ते आठ आठवडे द्यावेत. तिन्ही एकदम चोपडली तर त्वचा भाजते, आणि कशाने भाजली तेही कळत नाही.

नवी डबी आणली की थेट तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागी सात ते दहा दिवस रोज दोनदा लावा. तोंड धुवायचे द्रव्य असेल तर नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवा. जागा लाल झाली, खाजली, तर ती डबी तुमची नव्हे.

दोन दिवसांत गुण देणारी नळी

आता जरा गंभीर होऊ. काही मलमे खरोखरच दोन दिवसांत लाली घालवतात. त्यांत स्टेरॉइड असते. स्टेरॉइड शरीराचा विरोध दडपते, म्हणून सूज उतरते आणि चेहरा उजळ दिसतो. बूच मात्र जागच्या जागीच राहते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव वाढते, आणि नवे मुरूम येतात. नळी बंद केली की चेहरा आगीसारखा लाल होतो. घाबरून माणूस ती पुन्हा लावतो. भारतातील १२ त्वचारोग केंद्रांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांच्यापैकी २२५ जणांना त्यामुळे मुरूम आले होते किंवा असलेले वाढले होते. म्हणजे मुरुमांवर म्हणून घेतलेली नळीच मुरूम देत होती. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद करण्याची अधिसूचना काढली. तरी नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का, हे तुम्ही स्वतः वाचा. डॉक्टरांनी दिले नसेल तर ती नळी चेहऱ्याला लावू नका.

मुरूम बसल्यावर आपल्या सावळ्या त्वचेवर काळसर डाग राहतात. ते काही महिन्यांत आपोआप फिके होतात. उन्हापासून जपले तर लवकर. परंतु तेवढा धीर नसतो, आणि मग 'गोरे करणारी' क्रीम घरात येतात. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघी स्त्रिया अशी एक क्रीम लावत होत्या. ती त्यांना एका सौंदर्यप्रसाधन करणारीकडून मिळाली होती. तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तीत भरमसाट पारा निघाला. ही हकिगत २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आली. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते.

पारा गोरे कसे करतो? मेलॅनिन बनवणाऱ्या विकराचे काम पाऱ्याचे क्षार बंद पाडतात. पण ते त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातात. तेथील गाळणी बिघडली की प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पावले आणि पापण्या सुजतात. आपल्या २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत, नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. ५० ग्रॅमच्या डबीचे गणित करा : ०.०५ मिलिग्रॅम. पारा एक टक्का असेल तर त्याच डबीत ५०० मिलिग्रॅम होतो; दहा हजारपट.

अशा डबीवर पारा असे कोण छापील? तिच्यावर पुष्कळदा परवाना क्रमांक नसतो, घटकांची यादी नसते, किंवा सगळा मजकूर परक्या लिपीत असतो. एक खूण मात्र रसायनशास्त्राच्या वर्गातली आहे. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल, तर सावध व्हा. पारा सोन्याशी संयोग पावून पारदमिश्र बनवतो आणि दागिना पांढरा पडतो. जे बांगडीला चालत नाही ते गालाला कसे चालेल?

गाठीसारखे दुखणारे मुरूम, खड्डे पडू लागणे, किंवा दोन-तीन महिने नीट उपाय करूनही गुण न येणे, हे दुकानाचे काम नव्हे. उर्से येथून तळेगाव दाभाडे जवळ आहे. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या नळ्या आणि डब्या पिशवीत घालून न्या. नावे सांगण्यापेक्षा ते बरे.

जाता जाता आणखी एक प्रयोग. मावळात पावसाच्या पाण्याला तोटा नाही. एका बाटलीत पावसाचे आणि दुसरीत विंधनविहिरीचे पाणी सारखेच घ्या, दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे दहा-दहा थेंब टाकून सारख्याच वेळा हलवा. कोणत्या बाटलीत फेस येतो आणि कोणत्या बाटलीत पांढरा साका धरतो, ते पाहा. हा साका म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी झालेला संयोग. तोच तोंडावर चिकटून राहतो. मग तिसऱ्या बाटलीत विंधनविहिरीचेच पाणी घेऊन, साबणाऐवजी हळदीची पट्टी पिवळी ठेवणाऱ्या फेसवॉशचे थेंब टाका आणि तिन्ही बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवा.